तिसऱ्या मजल्यावरची चूल

"आप कौन?" सुशिलाबाईंनी विचारलं. गोंदियातल्या एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर, रिकाम्या स्वयंपाकघराच्या दारात मी उभा होतो. जिने चढून दम लागला होता, नोव्हेंबरातही चष्म्याखाली घाम आला होता, आणि हातातली कापडी पिशवी कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. दुसऱ्याच्या फरशीवर विचारल्याशिवाय पिशवी ठेवणं मला जमत नाही. सुशिलाबाई घरमालकीण, तळमजल्यावर राहतात. त्यांच्या हातात भाडेकरूंचा छापील कागद होता आणि पेनाचं टोपण त्यांनी दातांत धरलं होतं. माझी नात दुर्गेश्वरी आणि तिची मैत्रीण डिंपल बाल्कनीत उभ्या राहून कपडे वाळत घालायची दोरी कुठून कुठे जाईल ते बघत होत्या. "मैं इनके साथ हूँ," मी म्हणालो. जसं काही पोरींनीच मला बोट धरून शहर दाखवायला आणलं होतं. बाई हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. "वो तो दिख रहा है, दादाजी. बच्ची के आप कौन? यहाँ एक ज़िम्मेदार आदमी का नाम लगता है. कल को कुछ हुआ तो मैं किसको फोन लगाऊँगी?" आणि त्या कागदावर बोट ठेवून थांबल्या. जबाबदार माणूस. बहात्तर वर्षांत हा शब्द माझ्या नावाजवळ कोणी आणल्याचं मला आठवत नव्हतं. चौतीस वर्षं मी शाळेत मास्तर होतो, हजेरीपटावर सह्या केल्या, पण शाळेत माणूस पुस्तकातली वाक्यं बोलतो, ती आधीच कोणीतरी जबाबदारीनं लिहिलेली असतात. मी त्यांच्यामागे उभा राहत असे. घरी कधी मी कशाला हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. ओट्याच्या दगडावर धूळ होती आणि धुळीत दुर्गेश्वरीच्या वितीचे ठसे होते. आल्यापासून तिनं तो ओटा दोनदा मोजला होता, शेगडी इथं, कुकर इथं, डबे तिथं. मी त्या ठशांकडे बघत राहिलो. कारण मी नाही म्हणायला आलो होतो.

हे तिला माहीत नव्हतं, असं मला वाटत होतं. सकाळी नवेगाव बांधला एस.टी. यायच्या आधी माझी बायको, देवकाबाई, फाटकापर्यंत आली होती. एरवी येत नाही. पदरानं हात पुसत म्हणाली, "पायून या, आन् नाई म्हणून या. तुमाले बोलनं नाई जमत तं नुसती मान हलवा. तेवढी तं हालते ना?" मी तेव्हाही मानच हलवली होती. मग बसमध्ये कोहमाऱ्यापर्यंत मी वाक्य जुळवत आलो. पोरी, घरचं सगळ्यांचं असं म्हणणं आहे. नाही, 'सगळ्यांचं' हे खोटं, ओमेशचं तसं म्हणणं नाही. ओमेश, माझा मुलगा, तिचा बाप, त्यानं भाड्याचं वगैरे फोनवर बोलूनही ठेवलं होतं आणि शेवटी म्हणाला होता, "आई मानंल तर बाबांच्या सांगण्यानंच मानंल, आपण नाही पडत." आजीला असं वाटतं. हे खरं, पण त्यात मी कुठे होतो? गोरेगाव गेलं तरी वाक्यात मला जागा सापडली नाही. दुर्गेश्वरी शेजारी बसून मोबाइलवर डिंपलला पडद्यांचे रंग विचारत होती आणि मधूनमधून माझ्या कोपराला धरत होती, गाडी वळली की मी खिडकीवर आदळू नये म्हणून. हे ती लहानपणापासून करते. आपण कोणाला एवढ्या जपण्यासारखे आहोत ही गोष्ट मला दर वेळी नवी वाटते, दर वेळी घाईनं कोणाचे तरी आभार मानावेसे वाटतात, आणि कोणाचे मानावेत ते कळत नाही म्हणून मी बाहेर बघतो. बाहेर धान कापलेली शेतं होती. बांध्यांमध्ये भारे पडलेले होते.

ती फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अडीच वर्षं हॉस्टेलात राहिली. तिथं एका खोलीत चौघी, सातला फाटक बंद, आणि कॉलेजचं वाचनालय नऊपर्यंत उघडं. "आबाजी, सातला लेकरं पाळण्यात टाकतात तसं टाकतात आम्हाला," ती दिवाळीत म्हणाली होती. "वाचायला बसावं तर एक फोनवर भांडते, एक रडते, एक भजन लावते. मी चौथी. मी काय करू, सांगा." दवनीवाड्याची डिंपल तिच्याच वर्गात, तिला कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर हे घर सापडलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी. मला ते ऐकल्याबरोबर आवडलं होतं. एखाद्याला वाचायला जागा हवी असणं, यापेक्षा सरळ मागणी मला माहीत नाही. देवकाबाईलाही आधी फार वाटलं नव्हतं. "हॉस्टेलात आळ्या निघतात भाजीत, थ्यापेक्षा सोताच्या हातानं खाईल पोट्टी," असं ती शेजारणीजवळ म्हणताना मी ऐकलं होतं. मग बिघडवलं कोणी? मी. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पूर्ण अर्ध्या तासाच्या कामानं मी बिघडवलं.

झालं असं की मी यादी केली. मला याद्या करायला आवडतात, त्यात बोलावं लागत नाही. शेगडी, कुकर, दोन पातेली, बादली, झाडू, टेबललँप, तांदूळ. तांदळापाशी आल्यावर मला वाटलं, हे नेमकं असावं. दोन पोरी, दोन वेळा, महिन्याचे दिवस. मी कोठीतून पायली काढली, अंगणात ऊन होतं तिथं पोतं ओढलं, आणि पायलीनं तांदूळ मोजून पिशवीत भरू लागलो. मापाच्या तोंडावरून हात फिरवून सारखं करत होतो, वर एक दाणा नको, खाली नको. फार समाधान वाटत होतं. वाटलं, आपणही पोरीच्या कामी येतो आहोत. देवकाबाई सूप घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली. "कोनाचा हिस्सा मोजून रायले जी?" ती म्हणाली. मला समजलं नाही. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून समजलं, आणि हातातली पायली मी खाली ठेवली, पण तोवर ती भरलेली होती. आमच्याकडे घरच्या माणसाला धान्य मापून देत नाहीत. लेक सासरी परत जाते, पोरगा नोकरीवर जातो, त्याला सुपानं द्यायचं, ओंजळीनं द्यायचं, 'बस झालं' म्हणेपर्यंत द्यायचं. माप लागतं ते वाटेकऱ्याला. जो वेगळा निघतो त्याला. चोवीस वर्षांपूर्वी मी आणि माझे थोरले भाऊ श्यामलाल वेगळे झालो तेव्हा याच अंगणात, याच पायलीनं दिवसभर धान मोजलं गेलं होतं, आणि मी मोजणाऱ्याच्या शेजारी बसून आकडे लिहिले होते. आयुष्य त्या अंगणात काढलेल्या माणसाला हे लक्षात राहू नये! दुसरा कोणी विसरला नसता. पण मी नेहमी थोडा दुसरीकडे असतो. "वेगळी चूल मांडून रायली तं मोजूनच द्या," देवकाबाई म्हणाली. "लग्नाच्या आधी पोरगी घरातून वेगळी निघाली, थे पन आज्यानं मापून काढली. चांगलं दिसते." आणि आत गेली. तेव्हापासून दोन दिवस ती 'फ्लॅट' हा शब्द बोलली नाही, 'वेगळी चूल' असंच बोलली, आणि एकदा शब्द असा बसला की घरात त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

सुशिलाबाई तोवर खिडकीचा कडीकोयंडा तपासत होत्या, मला वेळ द्यावा म्हणून असेल. काही माणसं अशी न सांगता वेळ देतात. मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मला रुख्मिणी आठवली. आठवली म्हणणं बरोबर नाही. रुख्मिणी तर घरीच होती, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी केशोरीहून दोन दिवस आधी आलेली, आणि मी निघालो तेव्हा अंगण झाडत होती. अंगण झाडता झाडता ती आईचं वाक्य ऐकत होती, 'नाई म्हणून या', आणि तिचा झाडू थांबला नव्हता. मला तो न थांबलेला झाडू आठवला. रुख्मिणी माझी मोठी मुलगी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बारावीला तालुक्यात वर आली, डी.एड.ला गोंदियात नंबर लागला, आणि तिच्या मैत्रिणीच्या वडिलांनी दोघींसाठी एक खोली बघितली. एक खोली आणि एक स्टोव्ह. तेव्हा आम्ही एकत्र होतो. श्यामलालदादा ओसरीवर बसून म्हणाले, "पोरीची वेगळी चूल कायले? खायाले घरी नाई का?" ते वाईट माणूस नव्हते, त्यांना खरंच समजत नव्हतं. मग सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण बाप मी होतो. रुख्मिणीही बघत होती. दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिच्या वेणीला लाल रिबीन होती, अठरा वर्षांची झाली तरी रिबीन बांधायची. माझ्याजवळ वाक्य होतं. शपथेनं सांगतो, पूर्ण वाक्य होतं, कर्ता कर्म क्रियापदासकट. मी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागलो. चष्मा पुसून होईपर्यंत दादा दुसऱ्या विषयावर गेले होते. पुढच्या वैशाखात केशोरीला तिचं लग्न झालं. जावई चांगले आहेत. जावई चांगले निघाले याचा मी किती वर्षं आधार घेतला, ते मला ठाऊक. ती दर मंडईला येते, माझ्या कपाटातून दोन पुस्तकं नेते, मागच्या वर्षीची दोन परत आणते, पानं न दुमडता, कव्हर घालून. त्या दिवसाबद्दल तिनं एक अक्षर काढलेलं नाही. मला तिनं कधीतरी बोलावं असं वाटायचं. अलीकडे वाटतं, तिनं बोलायचं नव्हतंच.

"आबाजी, हे बघा ना." दुर्गेश्वरी बाल्कनीतून आत आली होती. पुढच्या खोलीत घेऊन गेली. "पुस्तकांचा रॅक कुठं ठेवू? इथं खिडकीजवळ का तिथं?"

"तो नको खिडकीजवळ," मी म्हणालो. "ती बाहेरची भिंत आहे. पावसाळ्यात ओल धरेल. मधल्या भिंतीला लाव, आणि भिंतीपासून चार बोटं सोड. खालच्या फळीवर काही ठेवू नको."

डिंपल हसली. "दुर्गे, तुझे आबाजी तर बोलतात की ग. मला वाटलं, बोलतच नाहीत. बसस्टँडपासून एक शब्द नाही."

"पुस्तकाचं विचारलं का बोलतात," दुर्गेश्वरी म्हणाली. मग डिंपलला म्हणाली, "तू जा ना, मॅडमला विचार, पानी कितने बजे आता है." डिंपल गेली. दुर्गेश्वरीनं रॅकच्या जागेवर पायानं एक रेघ मारली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आबाजी, तुम्ही नाही म्हणायला आले न?"

माझ्या हातातून पिशवी फरशीवर सुटली. "आजीचा फोन आला होता का?"

"नाही. तुम्ही बसमध्ये पुस्तक उघडलं, आणि गोंदिया येईपर्यंत एक पान उलटलं नाही."

"मग मला कशाला आणलंस? बापाला आणायचं. त्यानं केव्हाच हो म्हटलं असतं."

"बाबा हो म्हणतात आणि आजी ऐकत नाही. आजी तुमचं ऐकते."

"माझं? मी तर काही बोलतच नाही, बेटा."

"म्हणून तर," ती म्हणाली. आणि मग थोड्या खालच्या आवाजात, "मी काही वेगळी नाही निघून राहिली, आबाजी. मला फक्त नऊपर्यंत वाचायचं आहे. दर शनिवारी घरी येईन. येणार नाही असं झालं तर तुम्ही या. पण नाही म्हणायचं असंल तर मला आत्ता म्हणा. इथं. बसमध्ये नका म्हणू, बसमध्ये मी रडीन आणि लोक बघतील."

मला वाटतं, त्या क्षणी मला राग यायला हवा होता, किंवा लाज वाटायला हवी होती. लाज वाटलीच, पण तिच्याखाली दुसरंच काही होतं, उबेसारखं. वीस वर्षांच्या या मुलीनं सगळं पाहिलं होतं, न उलटलेलं पानसुद्धा, आणि तरी तिनं मलाच आणलं होतं. रुख्मिणीनं माझ्याकडे बघितलं होतं तेव्हा तिला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं, ती मला बाप समजत होती. ही मला ओळखून होती आणि तरी बघत होती. एवढा विश्वास आपण कुठे कमावला, मी शोधू लागलो, आणि कुठेही सापडला नाही. म्हणजे तो फुकट मिळाला होता. फुकट मिळालेल्या वस्तूला माणसानं निदान हात तरी पुढे करावा. मला पुन्हा वाक्य जुळवायची इच्छा झाली, थोडा वेळ मागावा, खाली जाऊन चहा घ्यावा. हात चष्म्याकडे गेला. तो मी खाली घेतला आणि स्वयंपाकघरात गेलो, कारण थांबलो असतो तर थांबलोच असतो.

सुशिलाबाई डिंपलला सांगत होत्या, "पानी सुबह छह से आठ. और मच्छी-मटन मेरे घर में नहीं पकेगा, पहले बोल देती हूँ."

"मॅडम, ये नवेगाव बांध की है, तालाब वाली. इसका क्या होगा?"

"बाहर खाके आएगी, और क्या होगा. मुँह धोके ऊपर चढ़ना."

"मेरी पोती है," मी म्हणालो. आवाज मला हवा त्यापेक्षा मोठा निघाला, वर्गातला निघाला. रिकाम्या ओट्यावर आपटून परत आला. दोघी वळल्या. "यहीं रहेगी. अपने हाथ से पकाएगी, पढ़ेगी. उसका ज़िम्मेदार मैं हूँ. मेरा नाम लिखिए. नंदलाल. फोन मेरा ही लिखिए, मैं उठाता हूँ." शेवटचं पूर्ण खरं नव्हतं. फोन वाजला की मी देवकाबाईकडे बघतो. पण ते बोलून झालं होतं, आणि आता ते खरं करणं माझ्याकडे होतं. सुशिलाबाईंनी तोंडातलं टोपण काढलं. "बस, इतना ही तो पूछ रही थी, दादाजी," त्या म्हणाल्या, आणि कागद ओट्यावर ठेवून स्वतःच्या पदरानं तिथली धूळ पुसली, माझी बाही मळू नये म्हणून. मी सही केली. डिंपलनं दारात आलेल्या दुर्गेश्वरीला असं काही उचललं की दोघी दाराला आदळल्या.

"घरी मी सांगते," दुर्गेश्वरी म्हणाली. "नको," मी म्हणालो. "तू नंबर लाव फक्त."

देवकाबाईनं फोन उचलला. "हां पोरी."

"मी आहे."

"झालं काम? म्हटलं ना?"

"मी हो म्हटलं. सही केली."

पलीकडे अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या. "कोनं म्हटलं?"

"मी."

"ओमेशनं शिकवून धाडलं होतं का तसं?"

"नाही. मीच म्हटलं. ती वेगळी निघाली नाही, शिकायला राहते आहे. माप लावलं ती चूक माझी होती. तिचा काही दोष नाही. मी त्या बाईंना म्हटलं, ती इथं राहील, आणि तिचा जबाबदार मी." एका दमात एवढं मी तिच्याशी कधी बोललो असेन, असं वाटत नाही. मी थांबलो. आता ती रागावेल, रागावली तर ऐकून घ्यायचं, फोन दुर्गेश्वरीकडे द्यायचा नाही, असं मी ठरवलं.

ती रागावली नाही. म्हणाली, "सोताच्या तोंडानं म्हटलं?"

"हो."

"मंग हे मले कायले सांगून रायले?" तिचा आवाज एकदम फाटल्यासारखा झाला. "अठ्ठावीस वर्सं झाली मले आयकाची होती थे गोठ, आता मी काय करू त्याचं? जिले सांगाचं होतं थिले सांगा." आणि फोनपासून दूर होऊन ओरडली, "रुख्मिणे! हात धून ये इकडं. तुया बाप बोलून रायला."

मी भिंतीला टेकलो. देवकाबाईनं तो दिवस इतकी वर्षं जपून ठेवला असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मला वाटत होतं, तो माझ्या एकट्याचा आहे. माझ्याशी बोलत, मला वाढत, माझ्या चष्म्याच्या दांडीला दोरा बांधून देत तिनं तो सोबत वागवला होता, आणि मला घरातून काढलं नव्हतं. दुर्गेश्वरी माझ्याकडे बघत होती. मी तिला हातानं थांब म्हटलं.

"हां बाबा," रुख्मिणी म्हणाली.

माझ्याकडे वाक्य नव्हतं. या वेळी खरंच नव्हतं. "पोरगी इथं राहील," मी म्हणालो. "मी हो म्हटलं, रुख्मिणी." आणि मग, "मला तेव्हाही म्हणायचं होतं."

ती रडेल असं मला वाटलं, मला तर डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं. पण ती रडली नाही. "आयकू आलं, बाबा," ती म्हणाली. मग, "कशी आहे जी खोली? सांगा बरं."

मी सांगू लागलो. दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, ऊन फरशीच्या मध्यापर्यंत येतं. ओटा काळ्या दगडाचा आहे, पाच विती. बाल्कनीतून रेल्वेचा पूल दिसतो आणि खाली एका घरावर वांग्यांच्या चकत्या वाळत घातल्या आहेत. भिंती फिक्या निळ्या आहेत. ती प्रत्येक गोष्टीला 'हां' म्हणत होती, आणि मी घाई करत नव्हतो.

"आन् दाराले आतून कडी आहे का?" तिनं विचारलं.

मी दारापाशी गेलो. कडी होती, लोखंडी, नवीन. मी ती लावली, काढली, आणि तिला आवाज जावा म्हणून फोन जवळ धरून पुन्हा एकदा लावली.